पुढची साथ येण्याआधी ‘72 तास’ कुठून मोजायचे ते ठरवा: जागतिक आरोग्य संघटना आणि सदस्य देशांना खुले पत्र

प्रति,
जागतिक आरोग्य संघटना, आणि आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांना बांधील असलेल्या सर्व देशांची आरोग्य, गृह व नागरी विमान वाहतूक खाती

स. न. वि. वि.

परदेश प्रवासाची तिकिटे काढून देणे आणि प्रवाशांची कागदपत्रे तपासून देणे हे माझे काम आहे. कोविडच्या काळात तुमच्यापैकी कुणी रात्री उशिरा नवे परिपत्रक काढले, की पहाटे आमचे फोन वाजायला लागायचे. त्या परिपत्रकांतली वाक्ये मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत, माणसांना समजावून सांगितली आहेत, आणि ती नीट समजूनही माणसे विमानतळावरून परत आलेली पाहिली आहेत. हे पत्र त्या माणसांसाठी आहे.

साथीत सीमेवर तपासणी असावी की नसावी, या वादात मला पडायचे नाही. तो साथरोगतज्ज्ञांचा प्रांत आहे आणि त्यांनी तो मोकळेपणाने लढवावा. माझे मागणे लहान आहे. नियम कितीही कडक करा, पण तो असा लिहा की प्रवासी, तपासणी करणारी लॅब, चेक-इन काउंटरवरचा कर्मचारी आणि उतरल्यावर भेटणारा अधिकारी या चौघांना त्याचा एकच अर्थ लागेल. आणि तरीही दोन अर्थ निघालेच, तर त्याचा भुर्दंड प्रवाशाच्या माथी मारू नका. आजवर तो प्रत्येक वेळी त्याच्याच माथी आला आहे.

सगळ्यांच्या ओळखीच्या अटीपासून सुरुवात करते. ‘प्रवासाआधी 72 तासांच्या आत केलेली आरटी-पीसीआर चाचणी.’ वाचायला सरळ वाटते. पण लॅबच्या रिपोर्टवर वेळा तीन असतात: नमुना घेतल्याची, नमुना लॅबमध्ये पोहोचल्याची आणि रिपोर्ट तयार झाल्याची. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेत सहज एका दिवसाचे अंतर पडते. 72 तास यांतल्या कुठल्या वेळेपासून मोजायचे? आणि मोजून थांबायचे कुठे? घरातून निघाल्यावरचे पहिले विमान उडते तिथे, मधल्या विमानतळावरून शेवटचे विमान सुटते तिथे, की मुक्कामाच्या देशात चाके टेकतात तिथे? जपानने नमुना घेतल्यापासून विमान सुटेपर्यंतचे 72 तास धरले. कॅनडाने शेवटच्या थेट विमानाच्या ठरलेल्या वेळेपासून मागे मोजले. या दोघांनी निदान स्पष्ट लिहिले. बऱ्याच देशांच्या पानांवर नुसतेच ‘72 तास’ होते, आणि दोन विमाने बदलून जाणाऱ्या प्रवाशाच्या बाबतीत मोजण्याची सुरुवात आणि शेवट बदलला की सगळेच गणित बदलते.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचे वडील दुसऱ्या देशात अतिदक्षता विभागात होते. त्यांनी सगळे चोख केले होते. नमुना कधी द्यायचा याची वेळ आम्ही दोघींनी कागदावर मागे मोजत काढली होती, वाटेतला थांबा धरून. पहिले विमान धुक्यामुळे रखडले. रखडलेले विमान सुटायची नवी वेळ आली तेव्हा नमुन्याला 72 तास होऊन वर थोडा वेळ गेला होता. काउंटरवरच्या मुलाने रिपोर्ट उलटसुलट केला, तीनही वेळांवर बोट फिरवले, वरिष्ठांना फोन लावला. वरिष्ठ म्हणाले, नियमात उशिराबद्दल काही लिहिलेले नाही, तेव्हा जोखीम नको. त्या मुलाचा आवाज कापत होता, हे त्या बाईंनीच मला नंतर सांगितले. त्याच्यावर त्यांचा राग नव्हता. माझाही नाही. ज्याने नियम लिहिताना ‘विमानाला उशीर झाला तर’ हे चार शब्द विचारात घेतले नाहीत, त्याला मी हे पत्र लिहिते आहे.

याला उपाय नव्हता असे नाही. अमेरिकेने 26 जानेवारी 2021 पासून चाचणी सक्तीची केली तेव्हा तासांऐवजी दिवस धरले. प्रवासाच्या आधीचे तीन दिवस. कारणही सांगितले: विमान किती वाजता आहे आणि नमुना किती वाजता दिला यावर चाचणीची वैधता अवलंबून राहू नये. विमान प्रवाशाच्या हाताबाहेरच्या कारणाने रखडले आणि मुदत 24 तासांपर्यंत ओलांडली गेली, तर पुन्हा चाचणीची गरज नाही, हेही त्यांच्या खुलाशात होते. पुढे 6 डिसेंबर 2021 पासून त्यांनी मुदत एका दिवसावर आणली, म्हणजे नियम अधिक कडक केला, तरी मोजण्याची पद्धत तीच ठेवली. कडकपणा आणि स्पष्टपणा एकत्र नांदू शकतात, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. प्रश्न हा, की हा शहाणपणा बाकीच्यांनी का उचलला नाही, आणि ‘हीच पद्धत घ्या’ असे जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांना ठणकावून का सांगितले नाही.

तासांखालोखाल घोळ झाला तो चाचणीच्या प्रकाराचा. काही देशांना फक्त आरटी-पीसीआर चालायची, काहींना जनुकीय घटक शोधणारी कुठलीही चाचणी, काहींना रॅपिड अँटिजनही. जपानने तर नमुना शरीरात कुठून घेतला हेही पाहिले. नाकाच्या मागच्या भागातला स्वॅब चाले, लाळ चाले, पण नुसता घशातला स्वॅब चालत नसे. त्यांची तांत्रिक बाजू मी समजू शकते, आणि त्यांनी स्वतःचा छापील फॉर्मही दिला होता. पण प्रवासी लॅबमध्ये गेला की तिथला तंत्रज्ञ त्याच्या रोजच्या सवयीने घशातला स्वॅब घेतो, रिपोर्टवर ‘स्वॅब’ एवढेच छापतो, आणि ते प्रवाशाच्या लक्षात येते ते काउंटरवर. चीनने नोव्हेंबर 2020 मध्ये पीसीआरच्या जोडीला रक्तातल्या आयजीएम प्रतिपिंडांची चाचणी मागायला सुरुवात केली. ज्या गावात ती चाचणी होतच नाही तिथल्या माणसाने काय करावे, याचे उत्तर त्या नियमात नव्हते. चाचणी मागणाऱ्या देशाने ती कुठे मिळते हे पाहणे त्याच्या कामाचाच भाग आहे, असे मला वाटते.

आता बऱ्या झालेल्यांबद्दल. या विषयावर मला थोडे थांबायचे आहे, कारण सगळ्यात जास्त रडणे मी इथेच ऐकले.

पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय खुणा शोधते. त्या खुणा बरे झाल्यावरही आठवडेच्या आठवडे नाकात सापडू शकतात, काहींच्या बाबतीत सुमारे तीन महिने. संसर्ग पसरवू शकेल असा जिवंत विषाणू मात्र सौम्य आजारात साधारण दहा दिवसांनंतर सहसा सापडत नाही. हे 2020 सालीच पुरेसे कळून चुकले होते. म्हणजे महिन्यापूर्वी ताप येऊन गेलेला, आता ठणठणीत असलेला, कुणालाही धोका नसलेला माणूस ‘पॉझिटिव्ह’ येत राहतो. अशा माणसाला प्रवासाची वाट कुठली? अमेरिकेने 90 दिवसांच्या आतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि प्रवासाला हरकत नाही असे डॉक्टरांचे पत्र मान्य केले. कॅनडाने जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट 180 दिवसांपर्यंत धरला. कित्येक देशांनी मात्र या माणसासाठी एकही दार ठेवले नाही. ‘निगेटिव्ह रिपोर्ट आणा’ एवढेच. मग तो दर दोन दिवसांनी चाचणी करत राहायचा. या लॅबमधून त्या लॅबमध्ये. कधी निगेटिव्ह येईल याची खात्री कुठला डॉक्टर देऊ शकत नव्हता. व्हिसाची मुदत संपत चाललेली, नोकरीवर रुजू व्हायची तारीख उलटलेली, आणि वर लोकांच्या नजरेत तो ‘पॉझिटिव्ह’. अशा वेळी माणूस खोट्या रिपोर्टकडे वळला तर मी त्याचे समर्थन करणार नाही. पण सरळ वाट बंद केली की आडवाट तुडवली जाते, हे नियम करणाऱ्यांना कळायला हवे होते.

लशींच्या बाबतीत फार बोलत नाही, कारण त्यातला अन्याय जगाने उघड्या डोळ्यांनी पाहिला आहे. ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस व्हॅक्सझेव्हरिया या नावाने टोचली तर युरोपीय संघाच्या यादीत, आणि कोविशिल्ड या नावाने टोचली तर त्या मूळ यादीबाहेर, मग प्रत्येक सदस्य देश आपापल्या मर्जीने ठरवणार. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने दोन्हींना फेब्रुवारी 2021 मध्येच आपत्कालीन वापराच्या यादीत घेतले होते. पहिला डोस एका लशीचा आणि दुसरा वेगळ्या लशीचा घ्या, असे काही देशांनी आपल्याच नागरिकांना सांगितले, आणि दुसऱ्या देशांनी काही काळ त्याच लोकांना ‘अर्धवट लसीकरण’ म्हणून बाजूला काढले. ज्याने आपल्या सरकारचे ऐकले त्याचा यात काय दोष होता?

मध्यरात्रीपासून लागू होणाऱ्या आदेशांबद्दल मात्र लिहायलाच हवे. 26 नोव्हेंबर 2021 रोजी नव्या प्रकाराला ओमायक्रॉन हे नाव मिळाले, आणि एक-दोन दिवसांत देशामागून देशाने दक्षिण आफ्रिकेच्या आसपासच्या राष्ट्रांसाठी दारे लावली. दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनी तो प्रकार तत्परतेने ओळखून जगाला कळवला, त्याचे हे बक्षीस. त्याच दिवशी तिथून निघालेली दोन विमाने अ‍ॅमस्टरडॅमला उतरली. आतले सहाशेहून अधिक प्रवासी निघाले तेव्हा एक नियम होता, उतरले तेव्हा दुसरा. ते तासन्‌तास अडकून पडले, आधी विमानात आणि मग एकत्र एका जागी, आणि त्यांतले 61 जण पॉझिटिव्ह निघाले. संसर्ग झालेले आणि न झालेले लोक एवढा वेळ एकमेकांच्या शेजारी बसून राहिले. संसर्ग रोखण्यासाठी काढलेल्या आदेशाने नेमके काय साधले?

हवेत असलेल्या माणसासाठी नियमात एक ओळ हवी. ‘हा आदेश लागू होण्यापूर्वी ज्यांचा प्रवास सुरू झाला आहे, त्यांना पुढीलप्रमाणे.’ मग पुढे काहीही लिहा. विलगीकरण लिहा, रोज चाचणी लिहा. पण लिहा. वाटेतल्या विमानतळावर अडकलेल्या माणसाला ना पुढे जाता येते ना मागे, कारण मागच्या देशाच्या नियमानुसार तो आता ‘धोक्याच्या देशातून आलेला’ असतो. विमान बदलताना एका तिकिटावर प्रवास असेल तर एक नियम, दोन वेगळी तिकिटे असतील तर सामान घेण्यासाठी देशात शिरावे लागते म्हणून प्रवेशाचे सगळे नियम लागू, ही गोष्ट तर भल्याभल्यांना काउंटरवर पोहोचल्यावर कळली.

या काउंटरबद्दलही बोलू. कागदावर प्रवेशाचा निर्णय देशाचा सीमा अधिकारी घेतो. प्रत्यक्षात तो निर्णय हजारो मैल अलीकडे विमान कंपनीचा कर्मचारी घेतो. प्रवेश नाकारला गेलेल्या प्रवाशाला आणल्याबद्दल कंपनीला दंड होतो आणि त्याला परत नेण्याचा खर्चही तिच्यावर येतो, म्हणून शंका आली की ‘नाही’ म्हणणे तिला स्वस्त पडते. काउंटरवरच्या पडद्यावर टायमॅटिक नावाच्या प्रणालीतला मजकूर असतो. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना तो सरकारांच्या अधिकृत माहितीवरून भरते. तुमचे परिपत्रक संदिग्ध असेल तर तिथला मजकूरही संदिग्ध होणार. दूतावासाच्या पानावर एक, आरोग्य खात्याच्या पानावर दुसरे आणि पडद्यावर तिसरे, असे असताना प्रवाशाच्या हातातल्या प्रिंटआऊटला काडीचीही किंमत राहत नाही. तो दूतावासाला फोन लावतो, तिथे रविवार असतो.

बरे, नाकारल्यावर त्याच्या हातात काय पडते? बहुतेक वेळा काहीच नाही. कुठल्या नियमाच्या कुठल्या अटीवर तुम्हाला घेतले नाही, हे लिहून देणारा साधा कागदही नाही. त्या कागदाशिवाय तिकिटाचे पैसे मागता येत नाहीत, विम्याचा दावा उभा राहत नाही, लॅबकडे चूक दाखवता येत नाही, दूतावासाकडे तक्रार करता येत नाही. विमान कंपनी सरकारकडे बोट दाखवते, सरकार कंपनीकडे, लॅब दोघांकडे.

तुमच्याच नियमांची आठवण करून देणे मला थोडे अवघड वाटते, पण करून देते. 2005 साली मंजूर झालेले आणि 15 जून 2007 पासून लागू असलेले आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम तुम्हीच लिहिले आहेत. त्यांचे 32 वे कलम सांगते की प्रवाशांना त्यांच्या प्रतिष्ठेचा आणि मानवी हक्कांचा मान राखून वागवावे, त्यांना होणारा त्रास कमीत कमी ठेवावा, विलगीकरणात ठेवलेल्यांच्या अन्नपाण्याची आणि निवाऱ्याची सोय करावी. 40 वे कलम म्हणते की वास्तव्याचा परवाना मागणारे सोडले, तर प्रवाशाची आरोग्य स्थिती ठरवण्यासाठी केलेल्या तपासणीचे आणि त्याच्यावर लादलेल्या विलगीकरणाचे पैसे त्याच्याकडून घेऊ नयेत. हॉटेलातल्या सक्तीच्या विलगीकरणाची बिले ज्यांनी भरली, त्यांना हे कलम अस्तित्वात आहे याची कल्पनाही नव्हती. 43 व्या कलमानुसार शिफारशींपेक्षा जास्तीचे निर्बंध घालणाऱ्या देशाने ते शास्त्रीय तत्त्वांवर आणि उपलब्ध पुराव्यावर बेतायला हवेत, गरजेपेक्षा अधिक जाचक ठेवू नयेत, आणि लागू केल्यापासून 48 तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावेत. प्रवाशाला 24 तासांहून अधिक रोखणारे किंवा प्रवेश नाकारणारे उपाय असतील तर कारणमीमांसाही द्यावी. तुम्ही हे नियम पाळलेत की नाही, हे प्रवाशाला कुठे पाहता येते?

माझ्या मागण्यांची वेळही मी मुद्दाम निवडली आहे. कोविडची आंतरराष्ट्रीय आणीबाणी 5 मे 2023 रोजी संपल्याचे जाहीर झाले. त्यानंतर या नियमांत दुरुस्त्या झाल्या, 1 जून 2024 रोजी मंजूर झाल्या आणि 19 सप्टेंबर 2025 पासून लागू झाल्या. त्यांत डिजिटल आरोग्य दाखल्यांची सोय आहे, आणि अंमलबजावणीकडे लक्ष देण्यासाठी सदस्य देशांची समितीही आहे. आता साथ डोक्यावर नाही. शांतपणे बसून नियमाचा मसुदा तयार करायला याहून चांगली वेळ मिळणार नाही. साथ आल्यावर पुन्हा तुम्ही मध्यरात्री परिपत्रके काढाल, आणि ते मला समजतेही. घाईत चांगले वाक्य सुचत नाही, म्हणूनच ते आधी लिहून ठेवायचे.

पिवळ्या तापाच्या दाखल्याकडे पाहा. तो कसा दिसावा, त्यावर काय लिहावे, टोचल्यापासून दहा दिवसांनी तो वैध होतो, आणि जुलै 2016 पासून तो आयुष्यभर चालतो, हे सगळे नियमांच्या परिशिष्टांत ठरलेले आहे. त्यामुळे त्यावरून काउंटरवर भांडणे अपवादानेच होतात. तसाच एक ठरलेला मसुदा चाचणीच्या अटीसाठी तयार करा. वेळ नमुना घेतल्यापासून मोजायची, आणि तासांत नाही, दिवसांत. शेवट पहिल्या विमानाच्या ठरलेल्या वेळेला. विमान रखडले तर मुदत आपोआप वाढेल. चालणाऱ्या चाचण्यांची आणि नमुन्यांची नावे, लॅबच्या रिपोर्टवर जशी छापली जातात तशी. बरे झालेल्यांसाठी वेगळी वाट, तिच्या दिवसांच्या आकड्यासह. लहान मुलांना सूट कितव्या वर्षापर्यंत, आणि वय कुठल्या तारखेला मोजायचे. देशांनी त्यात आपले आकडे भरावेत. कडक देशाने कडक आकडे भरावेत, सैल देशाने सैल. वाक्यरचना मात्र सगळीकडे एकच राहावी.

बदल जाहीर करताना लागू होण्याची तारीख आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा, आणि वाटेत असलेल्यांचे काय ते त्याच आदेशात लिहा. आपल्याच नागरिकाला घरी येण्यापासून मनमानीने अडवता येणार नाही, हे नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. न्यूझीलंडच्या उच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये विलगीकरणाच्या जागा लॉटरीसारख्या पद्धतीने वाटण्यामुळे काही नागरिकांच्या परतण्याच्या हक्कावर गदा आल्याचा निकाल दिला, तोही त्याच हक्कावर. जहाजांवर काम करणाऱ्यांना विसरू नका. 2020 च्या अखेरीस सुमारे 4 लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकलेले होते, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज आहे. त्यांची बदली व्हायची ती याच विमानांतून आणि याच काउंटरांवरून.

आणि ज्याला विमानात घेतले नाही, त्याला एक पावती द्या. तिच्यावर नियमाचा क्रमांक, न जुळलेली अट, कर्मचाऱ्याने पाहिलेला मजकूर आणि वेळ असावी. नियमाचा अर्थ चुकीचा लावला गेल्याचे पुढे सिद्ध झाले, तर तिकिटाचा खर्च कुणी द्यायचा हेही आधीच ठरलेले असावे. ही पावती द्यायला कुठल्याही देशाला नवा कायदा करावा लागणार नाही. सदस्य देशांच्या समितीने आपल्या पुढच्या बैठकीत हा एक विषय घ्यावा, आणि काय ठरले ते प्रवाशांना वाचता येईल अशा जागी प्रसिद्ध करावे, ही विनंती.

कळावे,

आपली विश्वासू,
प्रवाशांची कागदपत्रे तपासून देणारी एक कर्मचारी